काळ्या कोंबडीची प्रत

फातमाखालाच्या कोंबड्या आमच्या घरी आल्या तोवर कोंबडीबद्दल आमच्या घराला एवढंच ठाऊक होतं की ती काळ्या मसाल्याच्या रश्श्यात असते आणि तिची तंगडी नानांच्या ताटात पडते. फातमाखाला ही भिंतीपलीकडची शेजारीण. तिचा मुलगा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात लागला, त्याने आईला बोलावून घेतलं, आणि पारोळ्यातलं घर बंद करताना तिने भांडीकुंडी भावाकडे टाकली, शिलाई मशीन बहिणीकडे टाकलं आणि कोंबड्या आमच्याकडे. का, तर आमच्या मागच्या अंगणात जागा होती आणि माझ्या आईला कुणालाही नाही म्हणता येत नव्हतं. "भाभी, ही माझी अमानत हाये बरं," खुराडं आमच्या भिंतीला टेकवत ती म्हणाली. "कापायचं नाही. अंडी तुमची. परत आले की एकेकीला वळखून घेईन." आई सोनगीरजवळच्या खेड्यातली, तिचं बोलणं सगळं अहिराणी. ती म्हणाली, "तुन्या कोंबड्या त्या मन्या पोरी. काळजी नको करू." तिची खरी पोर, म्हणजे मी, तिथेच उभी होते. रोज खुराडं कोण झाडणार हे मला त्याच क्षणी कळलं.

खरं तर नाना त्या वेळी कामावर असते तर त्या कोंबड्या कोंबड्याच राहिल्या असत्या. पण नाना घरी होते, आणि का होते ते सांगायला हवं. माझे वडील गावातल्या जिनिंगमध्ये ग्रेडर होते. फाटकाशी कापसाच्या गाड्या लागत. नाना प्रत्येक गाडीत खांद्यापर्यंत हात घालत, वरचा दिखाऊ कापूस सोडून तळातला काढत, चिमटीतला पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढत, पुन्हा ओढत, धागे सरळ झाले की काळ्या पँटीच्या मांडीवर ठेवून लांबी बघत, फुंकर मारत आणि प्रत बोलत. एक नंबर, दोन नंबर, नाहीतर कवडी. बोललेली प्रत फिरत नसे. कुणी पाया पडो, कुणी पुढाऱ्याची चिठ्ठी आणो, प्रत फिरत नसे. "ग्रेडरनं एकदा प्रत फिरवली की त्याच्यापुढं कुणी गाडी लावत नाही," हे नाना आम्हाला जेवताना ऐकवत, जसं काही मी आणि आई फाटकाशी गाडी लावूनच बसलो होतो. सगळ्या तालुक्यात त्यांच्या शब्दाला मान होता. घरात नव्हता, पण घर काही जिनिंग नव्हे.

मग जिनिंगचे मालक भाऊसाहेब यांनी धाग्याची लांबी मोजणारं मशीन आणलं. मशीनला उकडतं म्हणून त्याच्यासाठी खोली बांधली आणि खोलीला एसी बसवला. नानांनी सगळी नोकरी पत्र्याखाली काढली, त्यांना कधी पंखा मिळाला नव्हता. पण नानांना उकडतं असं त्यांनी सांगितलंही नव्हतं. मशीन पगार मागत नाही, तंबाखू खात नाही आणि जेवताना बोलत नाही, हे त्याचे गुण आईनेही कबूल केले. भाऊसाहेबांनी नानांच्या गळ्यात हार घातला, नारळ दिला, "तुम्ही आमचे घरचेच" म्हणाले आणि घरी पाठवलं. मी तेव्हा बारावीत. पुढे जळगावला वसतिगृहात राहून शिकायचं असं ठरलेलं होतं, त्याबद्दल घरात कुणी बोलेनासं झालं. त्या नारळाची आईने खोबऱ्याची चटणी केली. चांगली झाली होती.

सकाळी जिनिंगचा भोंगा व्हायचा तो आमच्या अंगणात स्वच्छ ऐकू यायचा. भोंगा झाला की नाना सवयीने चपला घालायचे, दारापर्यंत जायचे, मग आठवायचं. परत फिरताना काहीतरी काम असल्यासारखं दिसावं म्हणून कोंबड्यांना पाणी ठेवायचे. अशी त्यांची आणि कोंबड्यांची ओळख झाली. बाहेर जाणं त्यांनी बंदच केलं होतं. चौकात गेलं की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय नाना, मशीन काय म्हणतं?" त्यापेक्षा त्यांना अंगणातली खाट बरी वाटे. करकर वाजणारी ती सुताची खाट, निंबाची सावली आणि दुपारभर कोंबड्यांचं ते एका सुरातलं पुटपुटणं. त्या आवाजात मला अभ्यास करता येत नसे. झोप मात्र उत्तम येई.

मग एक दिवस नाना कोंबड्यांच्या लशीची चौकशी करायला जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या भिंतीवर कोंबड्यांच्या जातींचा रंगीत तक्ता होता. नाना तो अख्खा पाठ करून आले, लस विसरून आले. आल्या आल्या त्यांनी खाटेवर बसून पहिली कोंबडी मांडीवर घेतली, पंखाखालचं एक पीस उपटलं, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढलं, काळ्या पँटीवर ठेवलं, फुंकर मारली आणि प्रत बोलले. "असील! कोंबडा आहे हा. लढाईचा वाण. महिन्याभरात बांग देतो की नाही बघ." लांब पायांची ती तांबूस कोंबडी कोंबडा व्हायला मनाने तयार नसावी. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तिने नानांच्या जिनिंगच्या टोपीत अंडं घातलं. आईने टोपी तशीच आणून त्यांच्यापुढे धरली. "कोंबडा शे ना हाऊ? मंग हाई आंडं कोनी दिधं? तुम्ही?" नाना म्हणाले, "काही असील उशिरा ओळखू येतात." प्रत फिरली नाही. पुढे वर्षभर तो असील कोंबडा नेमाने अंडी घालत राहिला आणि आम्ही ती खात राहिलो.

पांढरी होती ती लेगहॉर्न ठरली. खास इटलीचा वाण, ही कधी अंडी उबवायला खुडूक बसत नाही, असं नाना तक्त्याच्या हवाल्याने म्हणाले. आणि ती बया आठवड्याभरात जळणाच्या ढिगाआड अशी खुडूक बसली की तिला हुसकायला आईला सूप घेऊन जावं लागे. एकीच्या मानेवर पिसं नव्हती. ती बोडक्या मानेची फार दुर्मीळ जात निघाली, हजारात एखादी. आईने पांढरीला टोपलीखाली कोंडलं तेव्हा आठवड्याभराने त्या दुर्मीळ जातीच्या मानेवर पिसं फुटली, कारण ती इतके दिवस पांढरीच उपटत होती. उन्हाळ्यात आम्ही बिबडे घातले, ज्वारीचे पापड, खाटेवर ओल्या धोतरावर. सकाळी पाहतो तर ओल्या बिबड्यांवरून पावलांची रांग गेलेली. आई कपाळाला हात लावून बसली आणि नाना वाकून त्या पावलांची लांबी बोटांनी मोजत म्हणाले, "हा असीलचाच पाय." ते बिबडे आम्ही पावलांसकट तळून खाल्ले. पाहुण्यांना पावलं नसलेले दिले.

"मनी कळण्यानी भाकर खातस, नि जात सांगतस इलायतनी," कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचे तुकडे टाकत आई म्हणायची. "बठ्ठ्या गावठी शेतस." तिच्या लेखी सगळ्याच गावठी आणि हा विषय तिथेच संपत होता. पण पारोळ्याचे लोक माझ्या आईइतके शहाणे नव्हते. नानांना कोंबड्यांतलं कळतं ही बातमी पसरली, कशी ते माहीत नाही, आणि माणसं बगलेत कोंबडी धरून आमच्या दारी यायला लागली. मासळीबाजारातले लोक आले, शेतावरचे आले, एकदा तर एक मास्तर पिशवीतून टर्की घेऊन आले. नाना पीस उपटायचे, ओढायचे, फुंकायचे, प्रत बोलायचे. ज्याला "गावठी" ऐकायचं होतं असा एकही माणूस आला नाही आणि नानांनीही कुणाला निराश केलं नाही. माणसं खूश होऊन जायची, आई चहा करून करून वैतागायची, आणि नाना रोज दाढी करायला लागले. हे माझ्या लक्षात आलं होतं. आईच्याही आलं होतं, म्हणून चहात साखर कमी पडत नव्हती.

आता मी जळगावला राहते. परवा शेजारच्या मुलीने फोनमधलं एक अ‍ॅप दाखवलं. फोटो काढला की पक्ष्याची जात सांगतं म्हणे. आम्ही समोरच्या बंगल्यातल्या कोंबडीचा फोटो काढला. फोन बराच वेळ विचार करून म्हणाला, बदक असण्याची शक्यता आहे. मला फार बरं वाटलं. मशीनलाही शेवटी नानांच्या रांगेत बसावं लागलं.

राहिली काळी. ही सगळ्यात शेवटची, सगळ्यात लहान, आणि रंगाने नखशिखांत काळी. तुरा काळा, पाय काळे, नजर लावून बघणारी. नानांनी हिचं पीस ओढलं, काळ्या पँटीवर ठेवलं, ते दिसेना म्हणून आईच्या पांढऱ्या पातळावर ठेवलं. मग म्हणाले, "कडकनाथ." हा झाबुआकडचा वाण, सातपुड्यापलीकडचा. ह्याचं सगळंच काळं असतं, त्यांनी सांगितलं, मांस काळं, हाडं काळी, चोच उघडली तर जीभसुद्धा काळी. आम्ही तोवर असील कोंबड्याची अंडी खात होतो, त्यामुळे चोच उघडून बघायची तसदी कुणी घेतली नाही. आई म्हणाली, "कडकनाथ कसाना! राखमा लोळस ती, म्हनीसन काळी शे." तेही खोटं नव्हतं. चुलीची राख टाकायचो त्या खड्ड्यात काळी दिवसातून दोनदा आंघोळ करायची आणि झटकून उठली की आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांचं कल्याण व्हायचं.

काळीचं आणि नानांचं जमलं. दिवसभर घरात बसून असलेल्या दोघांचं जमायचंच. बाकीच्या दाणे टिपून पांगायच्या, ही खाटेच्या पायथ्याशी येऊन बसायची, हळूहळू वर चढायची आणि नानांच्या पोटरीला टेकून डोळे मिटायची. नाना तिला कापसातलं सांगत. फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरचा, कापूस कसा ओळखायचा, पाणी मारलेला कापूस हाताला कसा लागतो. मी खिडकीत बसून ऐकायचे. तिचं नाव त्यांनी ठेवलं नाही, नुसतं "बाई" म्हणत. "ऐकते आहेस ना बाई?" आणि ती घशातल्या घशात काहीतरी उत्तर द्यायची. आई तिला सवत म्हणायची. मला तेव्हा हसू यायचं. आज वाटतं, मशीन आल्यापासून त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं, माझ्यासकट. मला त्या आठवणीने अजून वाईट वाटतं.

आणि मग भाऊसाहेबांची जीप आमच्या दारात थांबली. ही जीप आमच्या गल्लीत पूर्वी कधी आली नव्हती. गल्ली अरुंद आहे आणि आमच्याकडे काम पडण्याचं कारण नव्हतं. आता पडलं होतं. जिनिंगमध्ये गाठी बांधायचं नवं प्रेस आलं होतं आणि त्याच्या उद्घाटनाला मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते. पाहुण्यांनी भाषण, हार, फोटो वगैरे सगळं भाऊसाहेबांवर सोपवलं होतं, फक्त जेवणाबद्दल एक निरोप पाठवला होता: खानदेशात येतोय तर कडकनाथ खायचा. आज धुळ्याकडे जाताना प्रत्येक ढाब्यावर कडकनाथची पाटी दिसते. एवढे कडकनाथ कुठून येतात मला माहीत नाही, प्रत काढणारं कुणीतरी तिथेही बसलेलं असणार. पण तेव्हा हे प्रकरण सोपं नव्हतं. भाऊसाहेबांची माणसं नरडाण्यापर्यंत हिंडून आली होती आणि काळी कोंबडी म्हणून लोकांनी त्यांच्या गळ्यात काय काय मारायचा प्रयत्न केला होता.

भाऊसाहेब खाटेवर नानांच्या शेजारी बसले. जिनिंगमध्ये नाना त्यांच्यापुढे कायम उभे असायचे, त्यामुळे खाटही जरा जास्तच करकरली. "नाना, तुमच्याकडं कडकनाथ आहे म्हणे. सगळं गाव सांगतंय. म्हटलं, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर विश्वास नसता ठेवला. पण तुमच्या तोंडची प्रत म्हणजे प्रश्नच मिटला."

"ती शेजारणीची अमानत आहे, भाऊसाहेब," नाना म्हणाले. "तिनं सांगून ठेवलंय, कापायची नाही."

"त्याचं काय एवढं! सुरतेला आज फोन करतो. एकीच्या बदल्यात चार देतो तिला. ती तर नाचत येईल." मग त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे तो फक्त चार घरांत ऐकू गेला. "अन् दुसरं असं की, उद्घाटन झालं की तुम्ही परत या. मशीन आहे, ते ठीक आहे. पण गाडीच्या तळातला कापूस काढायला मशीनला हात कुठंय? जुनं माणूस लागतंच. त्या दिवशी पाहुण्यांच्या पुढ्यात मी स्वतः सांगतो, हे आमचे नाना."

दाराआड आईने माझा दंड धरला तो सोडेना. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला कळत होतं, कारण माझ्याही डोक्यात तेच: भोंगा, चपला, पगार, जळगाव, वसतिगृहातली खोली. आणि लगेच दुसरी भीती. ती कापली आणि आत पांढरी निघाली तर? असील अंडी घालतो, लेगहॉर्न खुडूक बसते, बोडकीला पिसं फुटतात. मग आमची कडकनाथ पाहुण्यांच्या ताटात गावठी निघायला कितीसा वेळ? मोठ्या पाहुण्यांपुढे, भाऊसाहेबांपुढे, सगळ्या जिनिंगपुढे नाना खोटे पडले असते. काळी मात्र नेहमीसारखी नानांच्या पोटरीला टेकून बसली होती. भाऊसाहेबांनी तिच्याकडे बोट केलं. "हीच ना?" ड्रायव्हर पोतं घेऊन पुढे झाला.

नानांनी काळीला उचलून मांडीवर घेतलं. तिचं एक पीस उपटलं, अंगठ्यांत धरून ओढलं, पुन्हा ओढलं, फुंकर मारली. मी जिनिंगच्या फाटकाशी त्यांना हे करताना लहानपणापासून पाहिलं होतं, पण इतका वेळ लावलेला कधी पाहिला नव्हता. मग ते म्हणाले, "भाऊसाहेब, ही कडकनाथ नाही. माझी प्रत चुकली."

ड्रायव्हर पोतं घेऊन तिथेच थांबला. मग भाऊसाहेब म्हणाले, "चुकली? नाना, तुमची? तुरा तर चांगला काळा दिसतोय."

"राखेत लोळते ती. म्हणून काळी. आमच्या घरात पहिल्यापासून सांगताहेत, मीच ऐकलं नाही."

भाऊसाहेबांनी दाराकडे पाहिलं. "काय वहिनी, खरं का?"

आई पदर सावरत पुढे झाली. तिने आयुष्यात खोटं बोललेलं मला आठवत नाही, आणि त्या दिवशीही ती खोटं बोलली नाही. "मी तं पयलेच सांगेल व्हतं, भाऊ. राखमा लोळस ती. बठ्ठ्या गावठी शेतस."

भाऊसाहेब हसले. मोठ्याने, मांडीवर थाप मारून हसले, आणि मालक हसतो म्हणून ड्रायव्हरही हसला. "बरं झालं बुवा वेळेवर सांगितलंत. पाहुण्यांपुढं फजिती झाली असती." उठताना त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला. "अन् मशीन आणलं तेही बरंच झालं म्हणायचं." परत या, हे पुन्हा कुणी बोललं नाही. नानांनी हात जोडले. दारात शेजारपाजारची माणसं जमली होती, त्यातले दोघेतिघे आपापल्या कोंबड्यांच्या प्रती नानांकडूनच घेऊन गेलेले. ते एकमेकांकडे बघत मागे सरकले. त्यानंतर आमच्या दारी कुणी कोंबडी घेऊन आलं नाही. मी तेव्हा जळगावला शिकायला गेले नाही. एसटीचा पास काढून धुळ्याला जात राहिले आणि जी काही शिकले ती तशी शिकले.

पण ते सगळं पुढचं. तेव्हा जीप गल्लीतून मागे मागे निघाली होती, कारण वळायला जागा नव्हती, आणि आई संतापली होती. कोणावर, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. नोकरी दारात येऊन गेली होती आणि ती घालवायला तिनेच साक्ष दिली होती. तिने खाटेवरून काळीला झपकन उचललं, "आते देखू दे माले, काय शे ईना तोंडमा," म्हणाली आणि कोंबड्यांना हळद-लसूण भरवताना धरायची तशी तिची चोच दोन बोटांनी उघडली. बघितलं. पुन्हा बघितलं. मग अगदी हळू आवाजात मला म्हणाली, "बेबी, आथी ये."

मी वाकून पाहिलं. जीभ काळी होती. टाळू काळा होता. आत नजर पोचेल तिथपर्यंत सगळं काळं होतं आणि राखेचा तिथे काही संबंध नव्हता.

आईने चोच सोडली. काळी अंग झटकून नानांच्या पायाशी जाऊन बसली. नाना मान खाली घालून उशीच्या फाटक्या कोपऱ्यातून कापसाचा पुंजका काढत होते, अंगठ्यांत धरून ओढत होते. आई घरात गेली, दुपारची उरलेली कळण्याची भाकरी घेऊन आली आणि ती तिने कोंबड्यांपुढे टाकली नाही. नानांच्या हातात ठेवली, त्यांनी काळीला भरवावी म्हणून. इतक्या वर्षांच्या संसारात नानांची एकही प्रत तिने कबूल केली नव्हती. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हनी प्रत बराबर व्हती."

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि मान वर न करता म्हणाले, "हळू बोल. जीप अजून कोपऱ्यावर असेल."